खांद्याच्या कंडरेचा दाह व तिची दुरुस्ती

श्रावणी अमावास्येस पोळा येतो. त्याच्या आदल्या सायंकाळी आपल्या मराठवाड्यात खांदेमळण होते. बैल धुऊन आणावयाचे, त्यांचे खांदे तूप अथवा लोणी व हळद यांनी मळावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांस द्यावयाचे, अशी ही चाल आहे. ज्या अवयवाने वर्षभर जू वाहिले त्याची एक दिवस तरी विचारपूस व्हावी, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. एरवीही ज्या बैलाचा खांदा आला आहे त्यास कोणी शहाणा कुणबी जुंपीत नाही. सूज उतरेपर्यंत तो त्यास मोकळा ठेवतो, आणि उतरल्यावरही पहिल्याच दिवशी नांगरास न लावता हलक्या कामास लावतो. परंतु तोच कुणबी स्वतःचा खांदा धरला म्हणजे बाजाराच्या दिवशी एक सुई टोचून घेतो आणि दुसरे दिवशी पाठीवर सोळा लिटरांचा पंप चढवून कपाशीवर फवारणीस निघतो. बैलाच्या बाबतीत असलेले शहाणपण आपल्या बाबतीत कोठे जाते, हे आम्हांस उमगत नाही.

हा विषय आम्ही हौसेने हाती घेतलेला नाही. आम्ही वैद्य नव्हे. उमेदीची वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात गेली. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात गाडीवरून घसरणारे सोयाबीनचे पोते सावरताना आमच्या उजव्या खांद्यात कट् असा आवाज झाला. आठ दिवस तेल चोळून घेतले. पुढे एके ठिकाणी सुई घेतली, आणि दोन दिवसांत दुखणे असे नाहीसे झाले की आम्ही बरे झालो असे समजून पुन्हा पोती उचलू लागलो. तिसऱ्या आठवड्यात डोक्यास रुमाल बांधण्यापुरताही हात वर जाईना. नांदेडास सोनोग्राफी केली तेव्हा खांद्यातील कंडरा काही भागात फाटलेली दिसली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एवढेच विचारले, "दुखणे थांबले म्हणजे दोर सांधला गेला, असे तुम्हांस कोणी सांगितले?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना वाचून व विचारून जे कळले, ते वाचकांपुढे ठेवितो.

खांद्याची रचना

खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. मांडीच्या हाडाचा माथा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र उथळ, जणू बशीवर ठेवलेला चेंडू. ह्यामुळेच हात पाठीमागे, वर, आडवा असा कोठेही फिरतो. परंतु मोकळेपणाची किंमत म्हणून सांधा जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांकडून निघून स्नायूंकडे आले आहे. पाठीवरील जे पसरट हाड, ज्यास आपण खवाटा म्हणतो, त्यापासून चार स्नायू निघतात आणि दंडाच्या हाडाच्या माथ्यास चारी अंगांनी टोपीसारखे वेढून चिकटतात. डॉक्टर ह्या टोपीस 'रोटेटर कफ' असे म्हणतात.

मांसल स्नायू जेथे हाडास चिकटावयाचा तेथे तो मांसाचे रूप सोडून पांढऱ्या, चिवट पट्ट्याचे रूप घेतो. हीच कंडरा. गावात "शीर चढली", "नस दबली" असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा दुखणे कंडरेचेच असते; वास्तविक रक्त वाहणारी शीर निराळी आणि कंडरा निराळी. कंडरेची घडण अंबाडीच्या दोरासारखी आहे. कोलॅजन नामक द्रव्याचे बारीक तंतू एकाच दिशेने रचलेले, त्यांच्या जुड्या, त्या जुड्यांच्या मोठ्या जुड्या, असा तो पीळ असतो. अशा दोरास ओढ पुष्कळ सहन होते. परंतु कंडरेत रक्ताचा पुरवठा थोडा व पेशी विरळ, म्हणून मांसाची जखम ज्या वेगाने भरते त्या वेगाने कंडरा सांधत नाही. ह्या गोष्टीत पुढील सर्व अडचणींचे मूळ आहे.

चार कंडरांपैकी जी माथ्यावरून जाते ती सर्वांत अधिक बिघडते. ती खवाट्याच्या पुढे आलेल्या हाडी छपराखालून जाते. विहिरीवर मोटा चालत त्या काळी नाडा जेथे चाकावरून जाई तेथे प्रथम विसविशीत होई, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस वाटेल की येथेही हाडावर घासूनच दोर झिजत असावा. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य चार्ल्स नीर यांनी १९७२ साली हेच मत मांडले, आणि पुढे कित्येक वर्षे हाडाचे छप्पर तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया जगभर होत राहिली. तिचे काय झाले ते पुढे सांगू.

दाह म्हणजे काय

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, उष्णता व वेदना. काटा रुतलेल्या बोटावर ह्या चारही दिसतात. खांद्याची कंडरा खोल असल्याने वरून बहुधा वेदनाच तेवढी कळते. आपली समजूत अशी की दाह हाच रोग, तो विझविला की काम झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे.

पैनगंगेच्या पुराने बांध फुटला तर आपण काय करितो? एकदम दगड रचावयास बसत नाही. प्रथम वाहून आलेला गाळ, काट्याकुट्या व निखळलेले दगड काढणारी माणसे लागतात; मग रचणारी माणसे येतात; शेवटी तो बांध पाण्याच्या दाबाखाली बसत बसत पक्का होतो. कंडरा फाटली म्हणजे शरीरात हाच क्रम चालतो. पहिल्या काही दिवसांत तेथील रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तातील संरक्षक पेशी बाहेर पडतात आणि मेलेले तंतू खाऊन जागा साफ करितात. ह्याच भक्षक पेशी पुढे आपले काम बदलून दुरुस्ती करणाऱ्या पेशींस बोलावू लागतात. हे बोलावणे म्हणजे दाह. तो मुळीच झाला नाही तर दुरुस्तीस आरंभच होत नाही.

परंतु गाळ काढणारी माणसे काम संपल्यावरही शेतातच ठाण मांडून बसली, तर ती उभे पीकही तुडवतील. दाह विझावयाच्या वेळी विझला नाही म्हणजे कंडरेत असेच होते. चांगले तंतू ढिले पडतात, त्यांची रचना विस्कळीत होते, आणि दोर हळूहळू कमकुवत होत जातो. सारांश, दाह वेळेवर आला पाहिजे व वेळेवर गेलाही पाहिजे.

ह्या बाबतीत शास्त्रज्ञांची मतेही बदलत गेली. पूर्वी अशा दुखण्यास सरसकट कंडरेचा दाह म्हणत. १९९० नंतरच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली जुनाट दुखऱ्या कंडरेचे तुकडे पाहता दाहाच्या पेशी फारशा दिसेनात, म्हणून हा दाह नसून नुसती झीज आहे असे मत बळावले. पुढे ग्लासगो येथील संशोधकांनी २०१० साली खांद्याच्या दुखण्याच्या आरंभीच्या अवस्थेत भक्षक व इतर संरक्षक पेशी कंडरेत असतात असे दाखविले. ऑक्सफर्ड येथील मंडळींनी २०१५ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. रोगी कंडरेच्या मूळच्या पेशींवरही दाहाचा ठसा उमटतो, आणि पुन्हा इजा झाल्यास त्या अधिक लवकर भडकतात. ज्याचा खांदा एकदा गेला त्याचा तोच खांदा पुन्हा का धरतो, ह्याचा काही उलगडा ह्यावरून होतो.

दुरुस्तीचे वेळापत्रक

कंडरेच्या दुरुस्तीच्या तीन पायऱ्या मानितात. पहिली दाहाची, ती साधारण आठवडाभर चालते. दुसरी भरण्याची, ती पुढील काही आठवडे चालते. ह्या काळात फटीत नवे कोलॅजन भरते, परंतु ते बारीक, आडवेतिडवे व कच्चे असते. तिसरी पक्केपणाची. तीत कच्चे तंतू जाऊन जाडे तंतू येतात व ओढीच्या दिशेने लागतात. ही पायरी कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक चालते. एवढे होऊनही सांधलेली जागा मूळ दोराइतकी निर्दोष होत नाही. कंडरा जेथे हाडास मिळते तेथे मूळ अवस्थेत मऊ ते कठीण असे चार थर क्रमाने असतात. एकदा तुटल्यावर ते जसेच्या तसे उगवत नाहीत, त्या जागी व्रणाची भर पडते.

वेदना मात्र बहुधा दुसऱ्या पायरीतच कमी होते, आणि येथेच घात होतो. शेतकऱ्यास वाटते की पीक आले. वास्तविक ते नुकते ओंबीवर आलेले असते. ओल्या गव्हास कोणी कापावयास जात नाही. कच्च्या कंडरेवर मात्र आपण खताचे पोते चढवितो.

म्हणून तिला पूर्ण निजवून ठेवावे काय? तसेही नव्हे. नव्या तंतूंस कोणत्या दिशेने लागावयाचे हे ओढीवरूनच कळते. ओढ मुळीच नसेल तर ते अस्ताव्यस्त राहतात आणि सांधा आखडतो. अर्थात ओढ हवी, परंतु मापाने व चढत्या क्रमाने. आलेल्या खांद्याच्या बैलास प्रथम हलक्या कामास लावण्याची आपली रीत हीच आहे. बैलाचे ते दुखणे कातडीचे व वरच्या मांसाचे, आपले कंडरेचे. पण न्याय एकच.

दुखणे ओळखण्याच्या खुणा

खांद्याचे प्रत्येक दुखणे कंडरेचे नसते. हात बाजूने वर नेताना मध्येच चमक निघणे, त्या कुशीवर रात्री निजवत नसणे, खुंटीवरचा सदरा काढताना हात लुळा पडणे ह्या कंडरेच्या खुणा होत. स्वतः हात वर जात नाही, पण दुसऱ्याने धरून वर नेल्यास जातो, तर कंडरा फाटल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्याने नेऊनही जात नाही आणि सांधा सर्व बाजूंनी आखडला आहे, तर तो 'फ्रोझन शोल्डर' असण्याचा संभव अधिक; मधुमेह्यांस हा फार होतो, सबब अशा वेळी रक्तातील साखर तपासावी. मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर मूळ मानेत असू शकते. डाव्या खांद्यात अकस्मात कळ येऊन छाती आवळली, घाम फुटला, दम लागला, तर तो खांद्याचा प्रश्न नव्हे, हृदयाचा असू शकतो. तेथे घटकाभरही थांबू नये. खांदा लाल व गरम होऊन ताप आला तरीही तत्काळ रुग्णालय गाठावे.

क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. तीसाठी सोनोग्राफी अथवा एमआरआय लागते. जाणत्या हाताने केलेली सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते व खर्चासही कमी पडते. तथापि चित्रात फाट दिसली म्हणून घाबरू नये. जपानात एका खेड्यातील ६६४ जणांचे खांदे तपासले, तेव्हा १४७ जणांच्या कंडरा आरपार फाटलेल्या आढळल्या. आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांस खांद्याची काही तक्रारच नव्हती. वयाबरोबर केस पिकावे तशी कंडराही विरते. म्हणून वैद्याने माणूस तपासून मग चित्र पाहावे; नुसत्या चित्रावर शस्त्रक्रिया ठरवू नये.

चालू उपचारांची परीक्षा

*गोळ्या.* डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या दाहशामक गोळ्या आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगांसारख्या खाल्ल्या जातात. थोडे दिवस, वैद्याच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग आहे. परंतु दाहाचे पहिले काम सांगितले ते ध्यानात घेता त्या महिनोन् महिने घेणे शहाणपणाचे नाही. उंदरांवरील प्रयोगांत अशा औषधांनी कंडरा व हाड यांचा सांधा कमजोर झालेला आढळला. माणसाच्या बाबतीत निर्णय अद्याप लागावयाचा आहे. जठर व मूत्रपिंड यांस मात्र त्या बाधतात, हे पक्के ठाऊक आहे. उपाशीपोटी, उन्हात घाम गाळीत काम करणाऱ्यास तर अधिकच. डायक्लोफेनॅकचा इतिहास शेतकऱ्यास ठाऊक असावा. गुरांस दिलेल्या ह्या औषधाचा अंश त्यांच्या प्रेतात राहून तो खाणारी गिधाडे मूत्रपिंड बिघडून लाखोंनी मेली, म्हणून २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ साली असेक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन ह्यांवरही आली. गिधाडाचे मूत्रपिंड व माणसाचे मूत्रपिंड एक नव्हे. परंतु हे औषध निरुपद्रवी नाही एवढा बोध पुरे.

येथेच आणखी एक इशारा देतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ह्या जातीच्या जंतुनाशक गोळ्यांनी कंडरा क्वचित फाटते. साठीपुढच्या माणसांस व स्टेरॉइड घेणाऱ्यांस हा धोका अधिक, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ साली दिला. लघवीच्या वा जुलाबाच्या दुखण्यात ह्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. खांदा अथवा टाच दुखत असल्यास डॉक्टरांस तसे सांगावे.

*सुई.* सांध्याच्या आसपास दिलेली स्टेरॉइडची सुई दाह झपाट्याने दाबते. ती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. रात्रीची झोप उडविणारे दुखणे काही आठवडे कमी होऊन व्यायामास आरंभ करता येतो, एवढा तिचा लाभ खरा. परंतु ती सांधीत नाही. इंग्लंडात ७०८ रोग्यांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, सुई घेणाऱ्यांस पहिले दोनएक महिने थोडा आराम पडला. वर्षाअखेर घेणारे व न घेणारे ह्यांत फरक राहिला नाही. वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होते. मधुमेह्याची साखर काही दिवस वाढते. शस्त्रक्रिया ठरली असल्यास नुकतीच घेतलेली सुई जंतुसंसर्गाचा धोका वाढविते. आमची चूक सुई घेण्यात नव्हती, सुईनंतर पोते उचलण्यात होती. सुईत काय होते हे आम्ही विचारले नाही व देणाऱ्यानेही सांगितले नाही. वाचकांनी चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून घेतल्यावाचून सुई टोचून घेऊ नये.

*हळद.* नांदेड-हिंगोलीचा प्रदेश हळदीचा, म्हणून हा प्रश्न येणारच. जखमेवर हळद लावण्याचा गुण अमेरिकेत १९९५ साली कोणी आपल्या नावे पेटंट करून घेतला होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे करून १९९७ साली तो रद्द करविला. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह शमविते हे खरे. परंतु पोटातून घेतल्यास ते रक्तात फारच थोडे पोहोचते. लेप लावल्याने बरे वाटत असेल तर खुशाल लावावा. मात्र त्याने फाटलेला दोर सांधेल ह्या आशेवर महिने घालवू नयेत. ताज्या दुखापतीत जोराने चोळणे व मुरगळून "बसविणे" हे मात्र घातकच होय.

*व्यायाम.* आजच्या ज्ञानाप्रमाणे जुनाट दुखण्यातील बहुतेकांस प्रथम हाच उपाय सांगतात, आणि तो स्वस्तही आहे. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या परीक्षेत एक मौजेची गोष्ट दिसली. तज्ज्ञाकडे पुष्कळ वेळा जाऊन व्यायाम शिकणारे आणि एकदाच नीट समजून घेऊन घरी करणारे, दोघेही वर्षाअखेर सारखेच सुधारले. नांदेडास वरचेवर जाणे ज्यास परवडत नाही त्यास ह्यात मोठा दिलासा आहे. क्रम असा: प्रथम पुढे वाकून हात लोंबता सोडून झुलविणे, मग बोटांनी भिंत चढणे आणि काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्यास वर नेणे, पुढे कोपर अंगाशी ठेवून दाराच्या चौकटीवर हात दाबणे, अखेर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खुंटीस बांधून ओढणे. करताना थोडे दुखले तरी चालते. पण वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत राहिले तर माप अधिक झाले असे समजून एक पायरी खाली यावे. निदान तीन महिने नेम धरावा. ताजी दुखापत असेल तर मात्र तपासणीपूर्वी हे करू नये.

*शस्त्रक्रिया.* हाडाचे छप्पर तासण्याची जी गोष्ट अपुरी सोडली होती ती पुरी करितो. इंग्लंडातील शस्त्रवैद्यांनी काही रोग्यांचे हाड तासले, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिले, काहींस काहीच केले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तासलेले व नुसते पाहिलेले ह्यांत फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षाही लाभ इतका थोडा की तो महत्त्वाचा मानता येईना. त्याच वर्षी फिनलंडातूनही तोच कौल आला. म्हणजे नाडा चाकावर झिजतो हा आमचा तर्क जसा सरळ, तसाच तो शस्त्रवैद्यांचाही होता. आणि चाक तासून नाडा सुधारला नाही. म्हणून कंडरा शाबूत असता केवळ दुखण्यासाठी हाड तासण्याचा सल्ला कोणी दिल्यास दुसऱ्याचे मत घ्यावे.

फाटलेली कंडरा हाडास पुन्हा शिवणे ही गोष्ट निराळी. बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी अशी शिवण १९०९ साली केली. आज ती दुर्बिणीतून होते. पडल्यामुळे वा झटका बसून चांगला खांदा एकाएकी गेला व हात उचलेनासा झाला, तर येथे दिरंगाई महागात पडते. तुटलेल्या कंडरेचा स्नायू हळूहळू आखडतो व त्यात चरबी भरते. मग शिवण्यास दोर पुरत नाही, व शिवला तरी धरत नाही. अशाने आठवड्यांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. मोठ्या फाटीची शिवण पुन्हा उसवण्याचे प्रमाण कमी नाही. वय, तंबाखू व अनियंत्रित मधुमेह ते वाढवितात. विडी सोडणे हाही कंडरेचा उपचारच होय.

नवे उपचार

आता ज्यांच्या जाहिराती शहरांत दिसतात त्यांकडे वळू.

पहिला उपचार पीआरपीचा. रोग्याचेच रक्त काढून यंत्रात फिरवितात, आणि त्यातील रक्त गोठविणाऱ्या बिंबाणूंचा भाग वेगळा करून खांद्यात टोचतात. बिंबाणूंत दुरुस्तीस बोलाविणारी द्रव्ये असतात, म्हणून कल्पना सयुक्तिक आहे. परंतु परीक्षांचे निकाल एकसारखे नाहीत. खांद्यात काहींस लाभ दिसला, काहींस नाही. टाचेच्या कंडरेवर इंग्लंडात झालेल्या मोठ्या परीक्षांत, २०१९ व २०२१ साली, खोट्या सुईपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. द्रव्य तयार करण्याची रीतही ठिकठिकाणी निराळी. सबब कर्ज काढून ही सुई घ्यावी असा पुरावा आज नाही.

दुसरा उपचार मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा. येथे तर सावधगिरीच हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे, रक्तदोषादि ठरावीक आजार वगळता, मान्यताप्राप्त परीक्षेबाहेर मूळपेशींचा उपचार देणे योग्य नाही. आणि परीक्षेत भाग घेणाऱ्याकडून त्याचे मोल घ्यावयाचे नसते. खांद्यासाठी कोणी पैसे मागून ती देऊ करीत असेल तर उठून यावे.

तिसरा उपचार कोलॅजनच्या ठिगळाचा. शिवलेल्या कंडरेवर हे पातळ ठिगळ लावितात; त्यावर नवे तंतू चढून दोर जाड होतो. स्पेनमधील एका परीक्षेत ठिगळ लावलेल्यांची शिवण वर्षभरात उसवण्याचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले; वेदना व शक्ती ह्यांत मात्र तितका फरक नव्हता. नव्यांपैकी हा मार्ग आम्हांस आशेचा वाटतो. परंतु तो महाग आहे, आणि असे एक प्रसिद्ध ठिगळ गोवंशाच्या कंडरेपासून काढतात. ज्यांस ह्यात धर्माची अडचण वाटते त्यांनी आधीच विचारून घ्यावे.

चौथा उपचार फुग्याचा. न शिवता येणाऱ्या फाटीत विरघळणारा फुगा बसवीत. २०२२ साली ११७ रोग्यांवरील परीक्षेचा निकाल आला. फुगा बसविलेले लोक न बसविलेल्यांपेक्षा कमी सुधारले. नवे ते सगळेच चांगले नव्हे, ह्याचे हे ठळक उदाहरण. ह्याखेरीज दाहाची नेमकी संदेशद्रव्ये अडविण्याचा व दाह आपोआप शमविणारी शरीरातीलच द्रव्ये वापरण्याचा शोध चालू आहे. दाह सरसकट मारावयाचा नाही, वेळेवर विझवावयाचा, हे धोरण त्यात आहे. ते योग्य दिसते; पण नित्याच्या उपचारात ते अद्याप उतरलेले नाही.

शेतकऱ्याने काय करावे

प्रथम दुखापतीचे दिवस मोजावे. पहिले काही दिवस ओझे बंद ठेवून, हात झोळीत विसावा घेत, मधून मधून बर्फाची अथवा गार पाण्याची पट्टी ठेवावी. हात उचलतच नसेल तर तेलपाणी करीत न बसता तपासणी करावी. आमच्या तालुक्यास गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुढील तपासास नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. खर्च शासकीय योजनेत बसतो की नाही, हे दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्रास विचारावे.

शिवण्याची शस्त्रक्रिया ठरली आणि दुखणे जुनाट असल्याने थांबता येण्याजोगे असेल, तर पंचांग पाहावे. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो आणि जड कामास साधारण सहा महिने लागतात. खरिपाचा माल घरात आल्यावर पौषाच्या सुमारास ती केली, तर मृगाच्या पेरणीस हात तयार होतो. आषाढात केली तर फवारणी, निंदणी, वेचणी सर्व दुसऱ्याच्या हातावर, व बहुधा हात अपुरा बरा होऊन कामास लागतो. ताज्या फाटीस मात्र हे पंचांग लागू नाही. तिचा मुहूर्त आजचाच.

खांदा धड असतानाही काही नेम पाळता येतात. पंप पूर्ण न भरता अर्धा भरून फेऱ्या वाढवाव्या. पट्टे दोन्ही खांद्यांवर सारखे ताणावे. पोते दोघांनी उचलावे व डोक्यावर फेकू नये. फांद्या तोडताना तासन् तास हात डोक्यावर ठेवू नये. स्त्रियांच्या खांद्याचाही हाच विचार करावा. डोक्यावरचे पाणी व भारे त्याच वाहतात, आणि त्यांचे दुखणे घरात सर्वांच्या शेवटी ऐकिले जाते.

आमचे म्हणाल तर फाट अर्धवट होती; शस्त्रक्रिया लागली नाही. ट्यूबची पट्टी आमच्या ओसरीच्या खुंटीस सात महिने टांगलेली होती. आज रुमाल आपल्या हाताने बांधतो. पोत्यास मात्र हात लावीत नाही. त्या पहिल्या सुईनंतर तीन महिने धीर धरला असता तर कदाचित तेही उचलले असते. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एवढ्या उशिरा मिळाले: वेदना ही निरोप्या आहे, निरोप्याचे तोंड बंद केल्याने गावातली आग विझत नाही. येत्या खांदेमळणीस बैलाच्या खांद्यावर तुपाचा हात फिरविताना वाचकांनी घडीभर आपलाही खांदा चाचपून पाहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.